लाकडी पट्ट्याची तपकिरी स्टेशन वॅगन: जपायची तर नेमकं काय जपायचं?

नमस्कार मंडळी! आजची गाडी आहे सत्तरच्या दशकातली अमेरिकन स्टेशन वॅगन. एकोणीस फुटांहून लांब, बॉनेटखाली ७.५ लिटरचं इंजिन, आत बसायच्या तीन रांगा. रंग तपकिरी, नाहीतर मातकट सोनेरी. तेव्हा घरातल्या फ्रिजपासून गालिच्यापर्यंत हेच रंग होते आणि गाडीही त्याच घरातली वाटायची. आज अशी गाडी घेणारे लोक इंजिन ऐकून हरखतात. इंजिनाचे भाग मिळतात हो! आधी बघा मागचं दार.

(पडद्यावर: जनरल मोटर्सची ब्यूक इस्टेट वॅगन, मागून)

१९७१ ते १९७६ च्या जनरल मोटर्सच्या मोठ्या वॅगनमध्ये मागची काच वर छतात सरकते आणि खालचा पत्र्याचा भाग फरशीखाली जातो. भिंतीला टेकवून गाडी लावली तरी दार उघडतं. इतकं सुंदर डोकं पुन्हा क्वचितच कोणी लढवलं. पण रुळात कचरा बसतो, ग्रीस वाळून घट्ट होते, पाणी साचून पत्रा गंजतो. दार अडलं की हाताने रेटू नका. दार चालू असताना मोटरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा दीड-दोन व्होल्ट कमी भरलं, तर आधी स्विच, तारा आणि अर्थिंग तपासा. व्होल्टेज ठीक असेल तर रूळ साफ करा, नवी ग्रीस द्या.

आता गाडीच्या बाजूंवरचं ते लाकूड. ते लाकूड नाहीच, छापील व्हिनाइल फिल्म आहे. उन्हात ती कडक होते, तडकते, आणि फिल्मच्या कडेने बसवलेल्या पट्टीच्या क्लिपांपाशी पाणी मुरून आतून गंज धरतो. म्हणून पट्ट्या काढल्याशिवाय गाडीची किंमत ठरवू नका.

नवी फिल्म लावताना जुनी हीट गनने कोमट करून, अगदी तिरकी धरून सोला. गोंद पूर्ण काढा. खालचा रंग नवा असेल तर तो पूर्ण सुकू द्या. काही आठवडे लागतात. घाई केली तर रंगातला सॉल्व्हंट बाहेर येताना फिल्मखाली फुगे धरतात. लिटरभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे चार-पाच थेंब घाला, पृष्ठभाग ओला करा, फिल्म ठेवा आणि स्क्वीजी (पाणी निपटायची रबरी पट्टी) मधून कडेकडे ओढा. सगळे दरवाजे बंद ठेवून आधी मास्किंग टेपची एक सरळ रेघ मारा. एकेक दरवाजा सुटा केला की लाकडाच्या रेषा शेजारच्या दरवाज्याशी जुळत नाहीत, आणि ते लांबूनही दिसतं.

१९७३ च्या तेलटंचाईने या गाड्यांचं गणित बिघडवलं. १९७७ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने त्या लहान केल्या आणि ते दारही गेलं.

रंगाबद्दल मात्र माझा आग्रह आहे: मूळ तपकिरी शाबूत असेल तर पुन्हा रंगवू नका. या कंपनीचा तेव्हाचा रंग अ‍ॅक्रिलिक लॅकरचा, वर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक संरक्षक थर, नाही. मेटॅलिक छटेत अ‍ॅल्युमिनियमचे कण थेट वरच्या थरात असतात. मशीनने जोरात पॉलिश केलं तर कण उघडे पडतात आणि डाग दिसतात. मऊ पॅड, हलका हात, आधी एका कोपऱ्यावर चाचणी. पॅडवर तपकिरी उतरेल, घाबरू नका, क्लिअर कोट नसला की असंच होतं.

एखादा फेंडर (चाकावरचा पत्रा) रंगवावाच लागला, तर इंजिनामागच्या फायरवॉलवरच्या पट्टीवरचा रंगाचा कोड घ्या. पण त्याच कोडचा डबा आणून थेट मारू नका. आधी एका पत्र्यावर नमुना मारा आणि तो बाहेर उन्हात, त्याच फेंडरच्या शेजारच्या दरवाज्याला लावून बघा.