इतिहासावरच्या सिनेमात स्पॉयलर असतो का? असतो ना भाऊ!

नमस्कार मंडळी. शूटसाठी कूलर बंद केलाय, अन् हे नागपूर आहे. घाम दिसला तर समजून घ्या.

विषय तुमचाच आहे. कुठल्याही ऐतिहासिक सिनेमाचा रिव्ह्यू टाकला की खाली दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "दादा, शेवट काहून सांगितला?" दुसरी तिच्यावर तुटून पडते, "अबे, इतिहास आहे तो! स्पॉयलर कसला? शाळेत झोपला होता का?" मग दोनशे रिप्लाय. माझ्या रिव्ह्यूबद्दल त्यात एक शब्द नसतो.

तर आधी सोपं सोपं उरकून टाकतो. टायटॅनिक बुडतं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठे हरतात. तानाजी मालुसरे सिंहगड घेताना धारातीर्थी पडतात. भारत १९८३ चा वर्ल्ड कप जिंकतो. यातलं काहीही बोललो तरी स्पॉयलर नाही. टायटॅनिकवरच्या त्या जोडीचं काय होतं, हा मात्र स्पॉयलर, कारण ती जोडी खरी नव्हतीच, ती सिनेमासाठी रचलेली आहे. इथपर्यंत कोणाचं भांडण नसावं.

माझं भांडण त्या एका वाक्याशी आहे. "इतिहास आहे, स्पॉयलर कसला?"

'छावा' लागला होता तेव्हाची गोष्ट. थिएटर फुल्ल. माझ्या मागच्या रांगेत एक काका, सोबत नातू. अन् काकांची कॉमेंट्री चालू. "आता बघ हं, हा मागून येते." "आता हा डायलॉग मारते बघ, शिट्ट्या पडते." मी मागे वळून म्हटलं, काका, थोडं हळू. तर मलाच म्हणतात, "काहून? संभाजी महाराजांचा इतिहास तुले माहीत नाही का?" माहीत आहे ना काका! संगमेश्वरला पकडलं, ११ मार्च १६८९ ला हत्या झाली, सगळं माहीत आहे. पण कोण कोणत्या सेकंदाला मागून येतो अन् शिट्टी कोणत्या डायलॉगवर पडते, हे कोणत्या बखरीत लिहिलंय? काका इतिहास सांगतच नव्हते. ते मागच्या आठवड्यात तोच सिनेमा बघून आले होते, एवढंच.

घटना ही सगळ्यांची आहे. सिनेमानं ती कशी मांडली, हे त्या सिनेमाचं आहे. स्पॉयलर मांडणीचा होतो.

नाही पटलं? क्रिकेट घ्या. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, समोर झिम्बाब्वे. भारत ५ बाद १७. तिथून कपिल देव नाबाद १७५. आकडे माझ्या बाबांना तोंडपाठ आहेत. पण त्या खेळीचं चित्रीकरणच नाही. म्हणजे बाबांच्या पिढीनं ती वाचली, ऐकली, पाहिली नाही. '८३' मध्ये ती पडद्यावर आली तेव्हा बाबा खुर्चीच्या टोकाला येऊन बसले होते. निकाल माहीत असलेला माणूस! फायनलचंही तसंच. भारत १८३, वेस्ट इंडिज १४०, हे सामान्यज्ञान झालं. पण त्या १४० पर्यंत तुम्हाला कोणाच्या नजरेतून नेलं, मैदानातून, पॅव्हेलियनमधून की एखाद्या घरातल्या रेडिओपासून, ते मी आधीच सांगितलं तर तुमच्या तिकिटातले अर्धे पैसे मीच खाल्ले.

अजून नाही पटलं? मग 'सरदार उधम'. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी हा पॅरा टाकून पुढे जा, खरंच जा. १३ एप्रिल १९१९ जालियनवाला बाग, १३ मार्च १९४० लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये, बागेच्या वेळी पंजाबचा कारभार ज्याच्या हाती होता त्या मायकल ओडवायरवर उधम सिंगांच्या गोळ्या. दोन्ही तारखा पुस्तकात आहेत, अन् पुस्तकात बाग आधी येते. सिनेमात गोळ्या लवकर येतात, बाग थेट शेवटाकडे. अन् आली की संपतच नाही, बघवत नाही, तरी कॅमेरा हलत नाही. आता सांगा, यात नवीन माहिती कोणती होती? एकही नाही. फक्त क्रम. तरीही मी तुम्हाला पुढे जायला सांगितलं की नाही?

तिसरा प्रकार सगळ्यात बेक्कार. काही सिनेमे इतिहासच बदलतात. खऱ्या आयुष्यात जो माणूस एका पद्धतीनं मेला, तो पडद्यावर दुसऱ्याच पद्धतीनं मरतो. उदाहरण द्यायला जीभ वळवळून राहिली आहे, पण देऊ शकत नाही! नाव घेतलं की संपलं. "या सिनेमाचा शेवट इतिहासाला धरून नाही", एवढं एक वाक्यसुद्धा स्पॉयलर आहे. अन् इथं ते "शाळेत झोपला होता का"वाले पूर्ण उलटे पडतात बाप्पा. ज्यानं इतिहास वाचलाय, सगळ्यात मोठा धक्का त्यालाच बसणार असतो. त्याचाच धक्का तुम्ही चोरता.

आता ज्यावर माझी स्वतःची घरात वादावादी झाली ते सांगतो. 'आनंदी गोपाळ'. आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, हे प्रत्येक मराठी पोट्ट्याला माहीत आहे. धडा असतो, भाषण असतं, निबंध असतो. पण पुढचं? १८८६ ला फिलाडेल्फियाहून पदवी, त्याच वर्षी परत, कोल्हापूरच्या दवाखान्यात नेमणूक ठरलेली, अन् २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयानं गेल्या. वयाची बावीस वर्षंही पूर्ण नव्हती. हे मी जेवताना बोललो अन् माझ्या भाचीनं ताट सरकवलं. "मामा, मी उद्या बघणार होते!" आमची ताई म्हणे, अगं हा इतिहास आहे. मी भाचीच्या बाजूनं. अर्धा माहीत असलेला इतिहास सर्वात नाजूक. समोरच्याला पहिला अर्धा येतो म्हणून आपण दुसरा बिनधास्त बोलून टाकतो.

नागपूरवाल्यांनो, आता तुमचीच परीक्षा. रोज बर्डीला जाता. वर किल्ला आहे. नोव्हेंबर १८१७ ची सीताबर्डीची लढाई, नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले विरुद्ध इंग्रज. दोन टेकड्या होत्या. धाकटी कोणी घेतली, परत कोणी घेतली? जिंकलं कोण? त्यानंतर अप्पासाहेबांचं काय झालं? बघा, शांत झाले सगळे. यावर उद्या सिनेमा आला अन् मी सांगितलं की पुढच्या वर्षी अप्पासाहेब इंग्रजांच्या कैदेतून वेष बदलून निसटले, तर "इतिहास आहे, स्पॉयलर कसला" म्हणणारा तुमच्यातला पहिला माणूस मला चौकात गाठेल. दोनशे वर्षं जुनी गोष्ट, आपल्याच गावातली. जुनी आहे म्हणून माहीत असते, असं थोडीच आहे.

उलटंही होतं. 'झुंड' आला तेव्हा विजय बारसे सरांचं काम, झोपडपट्टीतल्या पोरांचं फुटबॉल, हे इथं किती जणांना आधीच ठाऊक होतं. सर हिस्लॉप कॉलेजला शिकवायचे, त्यांचे विद्यार्थी गल्लोगल्ली. मुंबईच्या मित्राला मी तेवढंही सांगितलं नाही. अन् पडद्यावरच्या त्या डॉन नावाच्या पोराचं पुढे काय होतं, ते नागपूरवाल्यालाही सांगणार नाही.

आता कॉमेंटमधले दोन उरलेले प्रश्न. एक, "ट्रेलरमध्येच दाखवलं असेल तर?" मग माझ्यावर कायले ओरडता, ज्यानं ट्रेलर कापला त्याला विचारा. हल्ली अडीच मिनिटांत मध्यंतरानंतरचा सिनेमासुद्धा दाखवून टाकतात. मी ट्रेलर बघणंच सोडलंय.

दोन, "किती दिवस थांबायचं?" मी सिनेमा थिएटरातून उतरेपर्यंत थांबतो, अन् ओटीटीवर आल्यावर आणखी पंधरा दिवस. त्यानंतर स्पॉयलर असलेला वेगळा व्हिडिओ, थंबनेलवर लाल पट्टी लावून. ती पट्टी बघूनही आत आलात अन् शिव्या दिल्या, तर तुमची कॉमेंट मी पिन करणार आहे.

चला, कूलर लावतो.