पोरी, खरं सांगू का

सोलापूर जिल्ह्यातलं एक उपकेंद्र. बोर्डावर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय पण गावात ते नाव कुणी घेत नाही, सगळे दवाखानाच म्हणतात. आज बीपी-शुगरवाल्यांचा दिवस, त्यामुळे बाकड्यावर सगळी साठीच्या पुढची मंडळी, कुणी उपाशीपोटी आलंय, कुणी चहा-खारी खाऊन आलंय आणि उपाशी आहे म्हणून सांगतंय. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा सर्व्हे आला त्यात देशात १० कोटींच्या वर डायबिटीसचे पेशंट निघाले, त्यातलेच हे काही.

ह्या आजींचा एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी, साडेनऊ आलाय, म्हणजे मागचे तीनेक महिने शुगर चढीच होती. तालुक्याला डॉक्टरांनी विचारलं गोळ्या घेता का, आजी म्हणाल्या घेते की. मग डोस वाढला. डॉक्टरांचं चुकलं असं नाही हां, बाहेर रांग लागलेली असताना दोन मिनिटांत माणूस दुसरं काय करणार.

इथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरनी तसं विचारलंच नाही. म्हणाल्या, आजी पिशवी दाखवा. पिशवीत गोळ्यांची पाकिटं, निम्मी तशीच भरलेली. सिस्टर रागावल्या नाहीत, एकेक पाकीट टेबलावर मांडत नुसतं म्हणाल्या, "राहते ना कधीकधी? माझ्या आईची पण राहते." आजी जरा वेळ गप्प, आणि मग, "पोरी, खरं सांगू का, ती मोठी गोळी घेतली की सारखं परसाकडं पळावं लागतंय. संडास अंगणाच्या पलीकडं, गुडघं हे असं. रात्री सुनेला कितींदा उठवू?"

झालं, एवढंच होतं. ती मोठी गोळी शुगरचीच, मेटफॉर्मिन. तिने सुरुवातीला बऱ्याच जणांचं पोट बिघडतं, ती जेवणावर घ्यायची असते, हळूहळू विरघळणारी गोळी पण मिळते. सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पहिलीच गोळी पोटात जात नव्हती तर डोस वाढवून काय होणार होतं? उलट उद्या लेक माहेरपणाला आली आणि तिने आईला सगळ्या गोळ्या वेळेवर चारल्या तर शुगर धाडकन खाली यायची. म्हाताऱ्या माणसाला वाढलेल्या शुगरपेक्षा ही उतरलेली शुगर फार लवकर आडवं करते, म्हणून तर तरण्या माणसाला एचबीए१सी सातच्या आत पाहिजे म्हणतात आणि थकलेल्या माणसाला आठपर्यंत पण चालवून घेतात.

आणि पंढरपूर जवळ, त्यामुळे एकादशी इथे घरोघरी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी तुम्ही जेवलाय का उपास धरलाय ते बघत नाही, शुगर खाली ओढतच राहते. मग दुपारी घाम, हात थरथर, बोलणं असंबद्ध, आणि घरचे म्हणतात वय झालं आता. शुगर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, हे सिस्टरनी सुनांना आणि नातवांना पाठ करायला लावलंय. उपास सोडा असं मात्र त्या कधीच म्हणत नाहीत, तसं म्हटलं तर लोक उपास सोडणार नाहीत, सांगायचं सोडतील. त्या म्हणतात आदल्या दिवशी मला सांगा, त्या दिवशीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारू, आणि साबुदाण्याची बशी जरा लहान घ्या.

हे आजोबा इन्सुलिनवाले. फ्रीज नाही, बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गार ठेवतात. सिस्टर त्यांच्या पोटावरनं बोटं फिरवतात, बेंबीच्या डाव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. दिसत नाही, हाताला लागते. रोज एकाच जागी टोचलं की अशी होते आणि तिथलं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. आजोबा म्हणतात तिथं दुखत नाही ना, म्हणून तिथंच! दुसरा घोळ सिरिंजचा. इन्सुलिन दोन ताकदीचं येतं, एका मिलीत चाळीस युनिट किंवा शंभर; चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची सिरिंज, शंभरवाल्याला केशरी, अदलाबदल झाली की डोस चुकतो, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना लाल काय नि केशरी काय. म्हणून सिस्टर रिकामी सिरिंज घरनं आणायला लावतात आणि भरून दाखवा म्हणतात, पाण्याने.

सरकारी फॉर्मात वजन, बीपी, शुगर सगळ्याला रकाना आहे, संडास लांब आहे ह्याला नाही. ते सगळं सिस्टरच्या स्वतःच्या वहीत. एकादशी करतात. मिश्री लावतात. नातू इंजेक्शन देतो, तो सुट्टीत गावाला जातो. लसीकरण, रजिस्टरं, ॲप भरणं हे सगळं उरकून वही लिहायला बसतात, बहुतेक वेळा डबा खाता खाताच.

बदली झाली तर वही पुढच्या सिस्टरला देणार का, आम्ही विचारलं. "देईन की," त्या हसल्या, "पण पहिले दोन-चार महिने तिला पण सगळे घेते की, घेतो की, असंच सांगणार."