करार कोण सांभाळणार?

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापला आहे, 'आंतरराष्ट्रीय भागीदारी: निवड, मंजुरी आणि नियंत्रण'. त्याकडे मी येणारच आहे. पण आज समोर कुलसचिव आहेत, अधिष्ठाते आहेत, आंतरराष्ट्रीय कक्षात रोज पत्रव्यवहार सांभाळणारी मंडळी आहेत. इतके जण एका जागी क्वचितच भेटतात, म्हणून मनात घोळणारी एक गोष्ट आधी मांडतो. परदेशी विद्यापीठाशी करार करायचा म्हटलं की पहिला प्रश्न निघतो, सही कोण करणार? माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा: तिसऱ्या वर्षी हा करार कोण सांभाळणार? त्या माणसाचं नाव सांगता येत नसेल तर मसुदा बाजूला ठेवावा.

सामंजस्य करार, आपला एमओयू, सहसा दोन-तीन पानांचा असतो. सहकार्याची इच्छा, विषयांची यादी, पाच वर्षांची मुदत, खाली दोन सह्या. त्यात पैसा नसतो, जागा नसतात, श्रेयांक म्हणजे क्रेडिट्स नसतात, म्हणून तो कुणी बारकाईनं वाचत नाही. पण बंधन आहे की नाही हे शीर्षकावरून ठरत नाही, आतल्या वाक्यांवरून ठरतं. 'विद्यार्थी पाठवण्याच्या शक्यता तपासल्या जातील' हे एक वाक्य. 'दरवर्षी दोन विद्यार्थी विनाशुल्क घेतले जातील' हे दुसरं. दुसरं वाक्य शिरलं की वरती एमओयू लिहिलं असलं तरी तुम्ही शब्द देऊन बसलात. चांगल्या मसुद्यात सरळ लिहितात की गोपनीयता, बौद्धिक संपदा आणि नाव-बोधचिन्हाचा वापर एवढीच कलमं बंधनकारक आहेत. बाकी जे काही प्रत्यक्ष करायचं त्याचा स्वतंत्र करार होईल.

आता नोंदवही. तुमच्या विद्यापीठाचे आज किती करार चालू आहेत, असं विचारलं तर तासाभरात उत्तर मिळायला हवं. बहुतेक ठिकाणी मिळत नाही, कारण काही करार कुलसचिव कार्यालयात, काही विभागाच्या कपाटात आणि काही निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या ईमेलमध्ये असतात. याची किंमत कधी मोजावी लागते? ऑस्ट्रेलियात २०२० साली कायदा झाला: परदेशी सरकारांशी, आणि संस्थात्मक स्वायत्तता नसलेल्या परदेशी विद्यापीठांशी असलेले करार सार्वजनिक विद्यापीठांनी केंद्र सरकारला कळवायचे, आणि परराष्ट्रमंत्र्यांना ते रद्द करण्याचा अधिकार. फक्त नवेच नव्हेत, आधीपासून चालू असलेलेही कळवायचे होते. अमेरिकेत उच्च शिक्षण कायद्याचं कलम ११७ आहे. एका परदेशी स्रोताकडून वर्षभरात २,५०,००० डॉलर किंवा जास्त रकमेच्या देणग्या वा करार झाले की ते सरकारला कळवावे लागतात, वर्षातून दोनदा. ज्यांची नोंदवही तयार आहे त्यांना हे दोन दिवसांचं काम. ज्यांची नाही त्यांना आधी करार शोधावे लागतात, मग वाचावे लागतात, मग त्यातले कुठले अजून जिवंत आहेत ते ठरवावं लागतं.

जिवंत म्हणताना एका कलमाबद्दल बोलायलाच हवं. 'मुदत संपण्याच्या सहा महिने आधी कोणत्याही पक्षाने लेखी कळवले नाही तर करार आपोआप आणखी पाच वर्षांसाठी वाढेल.' हे कलम कष्ट वाचवण्यासाठी घालतात. होतं असं की दहा वर्षं एकही विद्यार्थी गेला-आला नाही, मूळ समन्वयक दोन्हीकडे उरले नाहीत, तरी करार चालू आहे आणि त्यातलं विनाशुल्क जागांचं वचनही चालू आहे. एखाद्या वर्षी पलीकडून चार नावं येतात आणि इथे कुणाला पत्ता नसतो. हे कलम काढून टाका. मुदत संपू द्या. हवा असेल तर करार पुन्हा करा, आणि करताना मागच्या पाच वर्षांचे आकडे समोर ठेवा.

आकड्यांवरून विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीच्या हिशेबाकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण भांडणं इथेच होतात आणि त्यात मुलं भरडली जातात.

तत्त्व सोपं आहे. विद्यार्थी शिक्षणशुल्क आपल्या विद्यापीठात भरतो, यजमान विद्यापीठ ते माफ करतं. जितके गेले तितके आले की कुणाचंच नुकसान नाही. मात्र मोजताना डोकी मोजायची नसतात, सत्रं मोजायची असतात. वर्षभरासाठी गेलेला एक म्हणजे एका सत्रासाठी गेलेले दोन. हे लिहिलेलं नसेल तर हिशेब पहिल्याच वर्षी बिघडतो.

समजा, 'क' विद्यापीठाचे चार जण एकेका सत्रासाठी गेले आणि 'ख'चे दोघे वर्षभरासाठी आले. चार सत्रं इकडे, चार तिकडे. फिट्टंफाट. दुसऱ्या वर्षी 'क'चे पाच गेले, 'ख'चा एक आला, दोन्हीकडे एकेका सत्रासाठी. फरक चार. तिसऱ्या वर्षी चार गेले, एक आला. फरक तीन, एकूण सात. म्हणजे सात सत्रांचं शिकवणं 'ख'नं केलं आणि शुल्क 'क'कडे जमा झालं. चौथ्या वर्षी 'ख'चा वित्त विभाग जागा होतो आणि नवी नामनिर्देशनं, म्हणजे 'क'नं पाठवलेली नावं, घेणं थांबवतो. तेव्हा 'क'मध्ये सहा मुलं अर्ज भरून, पारपत्र काढून तयार बसलेली असतात. त्यांची काहीही चूक नसते.

हे टाळायला करारात चार गोष्टी हव्यात. फरकाची मर्यादा: कोणत्याही वर्षाअखेर चार सत्रांपेक्षा जास्त नको, असा आकडा. भरपाईचा मार्ग: पुढच्या वर्षी कमी पाठवणे, किंवा उन्हाळी अभ्यासक्रमाच्या ठरावीक जागा म्हणजे एक सत्र असं प्रमाण, आणि ते प्रमाण आधीच ठरलेलं. मोजणीची तारीख: मूल मध्येच परतलं तर ते सत्र धरायचं की नाही? साधारणपणे नोंदणीची अंतिम तारीख उलटली की धरतात. आणि मुदत संपताना उरलेल्या फरकाचं काय, पुढे ओढायचा की सोडून द्यायचा. दर वर्षी एका ठरलेल्या महिन्यात दोन्ही समन्वयकांनी हिशेब एकमेकांना पाठवायचा आणि 'मान्य' असं लेखी कळवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे, पण ते करायला माणूस लागतो. माझा मूळ मुद्दा तोच.

हा फरक का पडतो, हेही शोधा. मुलांना यायचं नसतं असं समजू नका. बहुतेकदा त्यांना कळेल अशा भाषेतले विषय पुरेसे नसतात, वसतिगृहात जागा नसते, किंवा सत्रांच्या तारखा जुळत नाहीत. जर्मनीत हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालतात आणि परीक्षा त्याच्या शेवटी. ज्यांचं पुढचं सत्र जानेवारीत सुरू होतं त्यांच्या मुलांना परीक्षा सोडावी लागते किंवा स्वतःच्या सत्राचा पहिला महिना. उपाय आहेत: लवकर परीक्षा, उन्हाळी सत्र, किंवा पूर्ण वर्ष. मात्र त्यासाठी दोन्ही वेळापत्रकं सहीच्या आधी शेजारी ठेवून पाहावी लागतात.

गुणांचंही तेच. जर्मन पद्धतीत १ हा सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. दहापैकी गुण देणाऱ्या विद्यापीठानं साधं गुणोत्तर मांडलं तर हुशार मुलाचं नुकसान होतं. योग्य रीत अशी की दोन्हीकडे कुठली श्रेणी किती टक्के मुलांना मिळते ते पाहून तक्ता बनवायचा, आणि मूल जाण्याआधीच त्याला तो दाखवायचा.

युरोपच्या इरॅस्मस या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेचा दाखला नेहमी देतात. १९८७ साली ११ देश आणि ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी ती योजना सुरू झाली. तिथे विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ आणि यजमान विद्यापीठ अशा तिघांच्या सह्यांचा अभ्यास करार असतो. निकाल लागल्यावर पाच आठवड्यांत गुणपत्रक पाठवणं अपेक्षित असतं. यजमान विद्यापीठ शुल्क घेत नाही, मग गेलेले-आलेले समान असोत वा नसोत. ते जमतं कारण वर सामायिक योजना आहे. ती योजना निसटली की काय होतं हे स्वित्झर्लंडनं पाहिलं. फेब्रुवारी २०१४ च्या सार्वमतानंतर तो देश योजनेबाहेर पडला आणि स्विस विद्यापीठांना भागीदारांशी एकेक करून नव्यानं करार करावे लागले. तुमचा करार कुठल्या वरच्या योजनेवर उभा आहे, हे नोंदवहीत लिहिलेलं असू द्या.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली. तेव्हा पत्रिकेवरचा विषय आता भरभर.

मंजुरी जोखमीप्रमाणे असावी. साध्या एमओयूला अधिष्ठाता आणि आंतरराष्ट्रीय कक्ष पुरे. देवाणघेवाणीला वित्त विभाग आणि परीक्षा विभाग हवेत. दोघांनी मिळून द्यायची संयुक्त पदवी किंवा दोघांनी वेगवेगळी द्यायची दुहेरी पदवी विद्या परिषदेशिवाय होऊ नये. पैसा, जागा, परदेशातलं संकुल असेल तर थेट व्यवस्थापन परिषद. प्रस्ताव एका पानाचा: कुठले विषय जुळतात, किती मुलं, खर्च किती आणि कुणाचा, सांभाळणारा कोण, तो रजेवर गेला तर कोण. कायदा आणि वित्त यांच्याकडे मसुदा एकाच वेळी जाऊ द्या, एकामागून एक नको. महिने तिथेच जातात. आणि सहीचा अधिकार लेखी सोपवलेला हवा. विभागप्रमुखानं उत्साहात केलेली सही विद्यापीठाला बांधते की नाही, हा वाद न्यायालयापर्यंत जाऊ शकतो.

भागीदार निवडताना क्रमवारीवर थांबू नका. पदवी देण्याचा अधिकार त्या संस्थेला आहे का, मालकी कुणाची, निर्बंधांच्या यादीत नाव आहे का, आणि आपल्याच दुसऱ्या विभागाचा त्यांच्याशी आधीचा अनुभव काय, हे विचारा. संयुक्त पदवी असेल तर ती दोन्ही देशांत मान्य होईल का ते आधी पाहा. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांनुसार संयुक्त पदवीत प्रत्येक संस्थेकडून किमान ३० टक्के श्रेयांक लागतात. पदव्यांच्या मान्यतेचा युनेस्कोचा जागतिक करार २०१९ साली स्वीकारला गेला आणि २०२३ मध्ये अमलात आला, पण तो प्रत्येक देशानं स्वीकारलेला नाही.

संशोधन करारात आधीचं ज्ञान कुणाचं आणि नवं कुणाचं हे वेगळं लिहा. शोधनिबंध छापण्याआधी भागीदाराला किती दिवस दाखवायचा तो आकडा लिहा, नाहीतर पीएचडीचं मूल अडकतं. युरोपात मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमांमुळे नामनिर्देशनासोबत पारपत्राची प्रत सहज ईमेल करणं आता चालत नाही. मसुदा दोन भाषांत असेल तर वाद झाल्यास कुठला ग्राह्य, ते एका ओळीत सांगा. वादासाठी परदेशी लवाद लिहिण्याआधी खर्च विचारा. चार विद्यार्थ्यांच्या करारात तो मूळ रकमेपेक्षा मोठा होतो. दोन नामनिर्देशित अधिकाऱ्यांनी साठ दिवसांत बसून मिटवायचं, हे कलम जास्त उपयोगी पडतं.

शेवटचं कलम समाप्तीचं. अमेरिकेचं येल विद्यापीठ आणि सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ (एनयूएस) यांनी मिळून येल-एनयूएस महाविद्यालय काढलं. २०११ मध्ये घोषणा, २०१३ मध्ये पहिली तुकडी. ऑगस्ट २०२१ मध्ये ते बंद होणार असं जाहीर झालं, आणि ते ऐकून मुलं, शिक्षक, पालक फार दुखावले. पण त्याच वर्षी आलेल्या शेवटच्या तुकडीला चार वर्षं शिकू दिलं गेलं आणि ती २०२५ मध्ये पदवीधर झाली. अमेरिकेच्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या नियामक मंडळानं फेब्रुवारी २०२४ मध्ये कतारचं संकुल बंद करायचं ठरवलं, तेही २०२८ पर्यंतची मुदत ठेवून. बंद करण्याचे निर्णय बरोबर की चूक, यावर वेगळं बोलता येईल. बंद करायला लागणारा काळ मात्र मोजून ठेवलेला हवा.

म्हणून कलमाचा नमुना वाचून दाखवतो, लिहून घ्यायचं असेल तर घ्या. 'कोणताही पक्ष सहा महिन्यांच्या लेखी सूचनेने हा करार संपवू शकेल. सूचनेच्या दिवशी ज्या विद्यार्थ्यांचे नामनिर्देशन स्वीकारले गेले आहे किंवा जे शिकत आहेत, त्यांना ते सत्र अथवा तो अभ्यासक्रम याच अटींवर पूर्ण करता येईल. त्यांची गुणपत्रके पाठवण्याची जबाबदारी करार संपल्यावरही कायम राहील.' आणि त्याखाली, दोन्ही बाजूंच्या समन्वयकांची पदनामे.