कंत्राटी बंदूक

१६ सप्टेंबर २००७. बगदादचा निसूर चौक, भरदुपारची गर्दी. चार चिलखती गाड्या चौकात शिरतात आणि वाहतूक अडवून उभ्या राहतात. आतले लोक अमेरिकन, हाताशी मशीनगन; पण हे सैनिक नव्हेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ब्लॅकवॉटर या खासगी कंपनीकडून घेतलेले हे कंत्राटी रक्षक.

समोर एक पांढरी किया. गाडी चालवतोय वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी, शेजारी त्याची डॉक्टर आई. पहिल्या गोळ्यांतच मुलगा जातो. गाडी मात्र थांबत नाही, हळूहळू पुढे सरकत राहते. वाहतूक पोलीस धावत येतो, गोळीबार थांबवा म्हणून हात वर करतो. पण मशीनगन सुरूच राहतात, पाठोपाठ ग्रेनेडही येतात. आईसुद्धा त्याच गाडीत संपते.

त्या दिवशी १७ इराकी नागरिक मेले. त्यांत नऊ वर्षांचा एक मुलगा होता. आमच्यावर हल्ला झाला, असं कंपनीचं म्हणणं. एफबीआयने चौकशी केली, तेव्हा १७ पैकी किमान १४ जणांवर गोळ्या झाडायला काहीही कारण नव्हतं, असं निघालं.

मग इराकने त्यांना पकडलं का नाही? कारण तशी सोय आधीच करून ठेवली होती. इराकचा कारभार इराकींच्या हाती देण्याच्या आदल्याच दिवशी, २७ जून २००४ ला, अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आदेश क्रमांक १७ वर सही केली. कंत्राटाच्या कामात काही घडलं, तर परदेशी कंत्राटदारावर इराकी कायदा चालणार नाही, असा तो आदेश. घर सोडताना किल्ली दिली, पण कुलूप बदलून!

बरं, अमेरिकेत तरी? परदेशात गुन्हा करणाऱ्या कंत्राटदारांवर अमेरिकेत खटला चालवायचा एक कायदा होता. पण आरोपींच्या वकिलांनी मुद्दा काढला, की हा कायदा संरक्षण खात्याच्या कंत्राटदारांसाठी आहे. आमची माणसं तर परराष्ट्र खात्याची. युक्तिवाद ऐकायला हास्यास्पद वाटतो, पण खटला वर्षानुवर्षं रेंगाळला. इराकी साक्षीदार वॉशिंग्टनला आले. २०१४ मध्ये चार रक्षक दोषी ठरले. डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी चौघांनाही माफी दिली.

पैशांचं म्हणाल, तर अमेरिकी काँग्रेसच्या समितीने २००७ मध्येच हिशेब मांडला होता. एका रक्षकामागे कंपनी सरकारला दिवसाला १,२२२ डॉलर लावत होती. २००५ पासून गोळीबाराच्या १९५ घटना, आणि त्यांतल्या ८० टक्क्यांहून अधिक घटनांत पहिली गोळी ब्लॅकवॉटरची.

अर्थात, या धंद्यात सगळ्यांच्याच वाट्याला डॉलर येत नाहीत. फाटकावर उभं राहायला माणूस लागतो, तो बहुतेकदा गरीब देशातला. जून २०१६, काबूल. कॅनडाच्या दूतावासाचे रक्षक पहाटे कामावर निघालेत. नेपाळी, काही भारतीय. वाहन म्हणजे साधी मिनीबस, चिलखत नाही. आत्मघाती हल्लेखोर तिच्याजवळ स्वतःला उडवून देतो. डझनाहून अधिक रक्षक जागीच ठार.

कॅनडाच्या शहीद सैनिकांच्या यादीत त्यांची नावं नाहीत, नेपाळच्याही नाहीत. ते कुठल्याच सैन्यात नव्हते. त्यानंतर नेपाळ सरकारने अफगाणिस्तानात कामगार पाठवण्यावर बंदी घातली.