पिकअप कुठं गेला?

(दृश्य: परतवाड्याबाहेरचं गॅरेज. कडुलिंबाखाली पांढरी स्विफ्ट.)

मे महिना. पत्र्याखाली उभं राहवत नाही, म्हणून मिस्त्रींनी गाडी झाडाखाली घेतलीय. जुनी स्विफ्ट डिझेल. मालक संत्रा बागाइतदाराचा पोरगा. रिमॅपचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचा, भाव काढूनच आलाय, मिस्त्रींची फक्त मान हलायला हवी.

"पिकअपच नाही राह्यला काका. चिखलदऱ्याच्या घाटात दुसरा गिअर टाकल्याशिवाय चढतच नाही."

मिस्त्री बॉनेट उघडत नाहीत. टायरजवळ उकिडवे बसतात.

"हे कवा टाकले?"

"दिवाळीले."

"अन् पिकअप कवापासून गेला?"

पोरगा गप्प. मग हळूच, "दिवाळीपासूनच."

(दृश्य: टायरवरचे आकडे, जवळून.)

या गाडीला कंपनीचे टायर होते 165/80, 14 इंची रिमवर. आता आहेत 205/65, रिम 15 इंची. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये; दुसरा टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. हिशेब केला तर चाकाचा व्यास 620 मिलिमीटरवरून 647 वर गेलाय. साडेचार टक्के वाढ. दिसायला गाडी भारदस्त झाली, पण चाकाशी मिळणारी ओढ तेवढीच घटली. पाचही गिअर लांबले. गिअरबॉक्सला हात न लावता गिअरबॉक्स बदलला म्हणा ना! वर काट्याची लबाडी: गाडी धावते जास्त, काटा दाखवतो कमी.

साडेचार टक्के म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. सपाट रस्त्यावर नाहीच. घाटात मात्र ते नेमकं दुखऱ्या जागी लागतं.

या गाडीत 1248 सीसीचं मल्टिजेट इंजिन आहे, मूळ फियाटचं. ताकद 75 हॉर्सपॉवर, ती 4000 आरपीएमला, म्हणजे मिनिटाला 4000 फेऱ्यांना. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 190 न्यूटन मीटर, तो 2000 ला. चहाच्या टपरीवर चर्चा होते ती 75 ची. पण घाटात 4000 पर्यंत गाडी नेतो कोण? 2000 ला हे इंजिन साधारण 54 हॉर्सपॉवर देतं, आणि आपलं रोजचं चालवणं त्याच्याच आसपास असतं. त्याखाली टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, पुरती हवा भरत नाही. वळणावर वेग मोडला, आरपीएम 1500 वर आले, की गाडी रडते. मोठ्या टायरने आरपीएम आणखी खाली ओढले. दुसरा गिअर लागतो तो म्हणून.

आता बॉनेट उघडतं. मिस्त्री टर्बोकडून इंटरकूलरकडे (ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणाऱ्या रबरी पाइपावर चिंधी फिरवतात. चिंधी काळी, तेलकट. पाइप दोन्ही हातांनी वाकवतात. क्लिपेच्या मागे बोटाएवढी चीर उघडते.

"हे पाय. टर्बो हवा भरते, अन् हे सोडून देते."

यावर रिमॅप केला असता तर? रिमॅप म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली डिझेलची, हवेच्या दाबाची आणि वेळेची कोष्टकं बदलणं. डिझेल वाढलं असतं, हवा चिरेतून गेली असती. मागे काळा धूर, आत काजळी, आणि टर्बो तापून लाल. स्वस्तातला ट्यूनिंग बॉक्स तर त्याहून वाईट. तो कॉम्प्युटरला डिझेलचा दाब खोटा सांगतो आणि जास्त डिझेल सोडायला लावतो.

पोराच्या यादीत हवेचा उघडा, शंकूसारखा कोन फिल्टरही आहे. माझं मत विचाराल तर विदर्भात त्याच्या नादी लागूच नये. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. नुसता बाहेरच्या हवेचा हिशेब धरला तरी 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा नऊ-दहा टक्के विरळ असते, आणि बॉनेटखाली त्याहून तापलेली. शिवाय वखरणीच्या दिवसांतली धूळ. कंपनीचा कागदी फिल्टर पुढून थंड हवा घेतो आणि बारीक माती अडवतो. चारशे-पाचशेचा कागद बरा.

(दृश्य: घाट, संध्याकाळ. गाडीत पोरगा आणि मिस्त्री.)

नवा पाइप बसलाय. कोठ्यात पडलेले जुने टायर परत चढलेत. ज्या वळणावर दुसरा लागायचा, तिथं गाडी तिसऱ्यावर निघते. पोरगा हसतो. मिस्त्री हसत नाहीत.

पुढे चढाचा सरळ रस्ता येतो. "चौथा टाक. आता पुरा दाब."

आरपीएमचा काटा एकदम उसळतो. वेगाचा काटा साठावर तसाच. जळक्या क्लचचा वास काचेआतही येतो.

इंजिनाची ताकद चाकापर्यंत जाताना आधी क्लचप्लेट ओलांडते. 190 न्यूटन मीटरलाच जी घसरते, तिच्यावर रिमॅपने वीस टक्के वाढवून 228 घातले तर आठ दिवसांत राख. त्यामुळे क्रम उलटा लागतो: आधी क्लचप्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, मग ताकद. आणि उतरतानाचे ब्रेकही बघायचे. इंजिनच बदलायचं मनात असेल तर आरटीओची परवानगी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 त्यासाठीच आहे. विम्याचं काय, तेही आधी विचारून घ्यावं.

परतीला उतारावर गाडी तिसऱ्यात, इंजिनच्या ब्रेकवर.

"मंग रिमॅप?"

"पयले क्लच. आंबिया बहाराची संत्री निघू दे, पैसा आला की पाहू."

"अन् हे नवे टायर?"

"इकून टाक. तेवढ्यात क्लचप्लेट येते."