फुग्यातली हवा

मिरज. रात्रीचे दोन. आयसीयूबाहेरच्या व्हरांड्यात नातेवाईक सतरंज्यांवर पडलेत. कुणी जतहून आलंय, कुणी थेट अथणीहून. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय सुरू केलं. आजार हाताबाहेर गेला की आसपासचा मुलूख आजही मिरजेचीच वाट धरतो.

आतल्या पेशंटला न्यूमोनिया झालाय. झोपेच्या औषधाखाली आहे, स्वतःहून श्वास घेत नाही. व्हेंटिलेटर दाब दाखवतोय: ३० सेंटिमीटर पाणी, म्हणजे तेवढ्या उंच पाण्याचा दाब. धास्ती वाटावी असा आकडा. पण तो एकट्या फुप्फुसाचा नाही. माणूस अंगानं भारी, पोट फुगलेलं. छातीचा पिंजरा आणि श्वासपटल बाहेरून दाबतायत. बाहेरचा दाब २० असेल, तर फुप्फुसावर ताण १०च. बाहेरचा ८ असेल, तर ताण २२. व्हेंटिलेटरवर मात्र दोन्ही वेळा ३०च दिसणार.

तो बाहेरचा दाब मोजायला छातीत सुई खुपसता येत नाही. अन्ननलिका मात्र फुप्फुसांच्या मधूनच खाली उतरते. म्हणून नाकातून बारीक नळी घालायची, तिच्या टोकाजवळ लांबट फुगा. बाहेरचा दाब त्या फुग्यावरून कळतो.

डॉक्टरांचे हात बघा. नळी आधी जठरापर्यंत गेली. पोटावर बोटं दाबली, पडद्यावरची फुग्याच्या दाबाची रेघ उसळली. आता नळी हळूहळू मागे ओढायची. नाकपुडीशी ३८ सेंटिमीटरची खूण आली आणि रेघेवर बारीक थरथर उमटली. हे हृदयाचे ठोके. फुगा हृदयामागे आला.

घोळ होतो तो फुग्यातल्या हवेत. कमी भरली तर दाब कमी दिसतो. जास्त भरली तर फुगाच ताणला जातो आणि आकडा उगाच चढतो. प्रत्येक नळीचं प्रमाण निराळं.

म्हणून परीक्षा. श्वास बाहेर पडल्यावर व्हेंटिलेटर क्षणभर रोखतात आणि तळहातानं छाती हलकेच दाबतात. श्वासमार्गाची रेघ आणि अन्ननलिकेची रेघ, दोन्ही सारख्याच चढायला हव्यात, गुणोत्तर ०.८ ते १.२ च्या आत. आलं ०.६. हवा पूर्ण काढली, मोजून पुन्हा भरली. पुन्हा तळहात. ०.९५.

दोन-तीन मिनिटांचं काम. ते टाळून या आकड्यावर पीप, म्हणजे श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखायचा दाब, ठरवणं आम्हाला पटत नाही. तिथं चूक झाली, तर ती थेट फुप्फुसाला सोसावी लागते.

सिस्टर चार्टवर लिहितात: खूण ३८, हवा किती, वेळ २.४०. चार वाजता पेशंटची कूस बदलायची आहे. तेवढ्यानंही नळी सरकते. परीक्षा पुन्हा घ्यावी लागणार. डॉक्टर खुर्ची ओढून तिथंच बसतात.