गजांची सावली

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आषाढात आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी पुण्यातील एका जुन्या वाड्याच्या दोन खोल्यांत ११ मिनिटांचा एक कृष्णधवल लघुपट चित्रित केला. कथा लहानशीच होती. पतपेढीतला एक कारकून रात्री उशिरा हिशेबाची एक चोपडी चोरायला येतो. ज्या बाईच्या शब्दावर तो आलेला असतो, तिने त्याला अर्धेच खरे सांगितलेले असते. अशा चित्रपटांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे ‘काळा चित्रपट’, म्हणतात. अमेरिकी चित्रपटांना हे फ्रेंच नाव मिळाले त्याचे कारण असे, की महायुद्धाच्या काळात फ्रान्समध्ये नवे अमेरिकी चित्रपट पोचत नव्हते आणि १९४६ च्या उन्हाळ्यात ते पॅरिसच्या चित्रगृहांत एकदमच लागले, तेव्हा नीनो फ्रांक या समीक्षकाला त्यांतल्या गुन्हेगारी कथांचा काळवंडलेला सूर प्रकर्षाने जाणवला.

चित्रीकरणाच्या पहिल्या रात्री आमच्या डोळ्यांपुढे होता दिग्दर्शक बिली वाइल्डर यांचा १९४४ चा चित्रपट ‘डबल इन्डेम्निटी’. त्यात छायाचित्रणकार जॉन साइट्झ यांनी खिडकीच्या आडव्या पट्ट्यांच्या सावल्या भिंतीवर आणि माणसांच्या अंगावर अशा काही पाडल्या आहेत, की उजेडाच्या त्या कवडशांतले धूलिकणही दिसतात. त्यासाठी त्यांनी हवेत ॲल्युमिनियमची बारीक भुकटी उडवली होती. आम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून चौकटीवर चिकटवल्या, मागे भाड्याने आणलेला सॉफ्टबॉक्स, म्हणजे मोठ्या पांढऱ्या पडद्याआडून उजेड पसरवणारा दिवा, लावला, आणि भिंतीवर नुसता राखाडी डाग उमटला. उजेडाचा उगम जितका मोठा, तितकी सावलीची कड विरघळते, हे पुस्तकात वाचलेले होते. तरी ते हाताला कळायला पहाटेचे दोन वाजले. मग सॉफ्टबॉक्स काढून एकच उघडा एलईडी दिवा मागे नेला, भुकटीऐवजी उदाचा धूर केला, आणि सावलीची रेघ सुरीसारखी उमटली.

तरीही ते दृश्य उसने वाटत होते, कारण वाड्याच्या खिडकीला अशा पट्ट्या असतातच कुठे? आमच्या छायाचित्रणकार मैत्रिणीने पुठ्ठा बाजूला सारला, दिवा बाहेर सज्जात नेला आणि खिडकीच्या उभ्या लोखंडी गजांतून उजेड आत सोडला. पोपडे धरलेल्या भिंतीवर ते गज वाकडेतिकडे होऊन पडले, आणि आमचा कारकून त्यांच्यामधून चालत गेला तेव्हा आम्ही सगळेच गप्प झालो.

दुसऱ्याकडून घ्यायचे काय आणि आपल्या जागी नव्याने शोधायचे काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. मूळ चित्रपट आणि त्याची पुनर्निर्मिती, म्हणजे ज्याला आपण सर्रास रीमेक म्हणतो, शेजारी ठेवून पाहिली की या प्रश्नाचे उत्तर जितके स्वच्छ दिसते तितके दुसरीकडे कुठे दिसत नाही, असे माझे मत आहे.

डॅशिएल हॅमेट यांची ‘द मॉल्टीज फाल्कन’ ही कादंबरी १९३० साली पुस्तकरूपाने आली आणि वॉर्नर ब्रदर्स या एकाच कंपनीने दहा वर्षांच्या अंतरात तिच्यावर तीन चित्रपट काढले. पहिला रॉय डेल रूथ यांचा, १९३१ चा. दुसरा १९३६ चा. त्यात ससाण्याच्या मूर्तीऐवजी एक रणशिंग आले, गुप्तहेराचे नाव बदलले आणि सगळी कथा विनोदाकडे झुकली. त्याविषयी अधिक बोलण्यासारखे फारसे नाही. तिसरा १९४१ चा, जॉन ह्यूस्टन यांनी दिग्दर्शित केलेला पहिलाच चित्रपट, आणि आज जग ओळखते तो हाच. मूळ ते श्रेष्ठ आणि रीमेक ती नक्कल, असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर पाहावे.

पहिला आणि तिसरा चित्रपट मी लागोपाठच्या दोन रात्री पाहिले. कथा तीच, माणसे तीच, कित्येक संवादही कादंबरीतून जसेच्या तसे उचललेले. मग फरक कुठे पडतो? ह्यूस्टन यांनी कथेतला गुप्तहेर सॅम स्पेड याच्या जोडीदाराच्या खुनाचा प्रसंग सोडला तर प्रत्येक प्रसंगात स्पेडला हजर ठेवले आहे, त्यामुळे त्याला जे कळत नाही ते आपल्यालाही कळत नाही, आणि समोरचा माणूस खोटे बोलत असेल तर ते त्याच्याबरोबरच आपल्याला ओळखावे लागते. त्या खुनाची बातमी येते तो प्रसंग रेडिओवर सांगण्याजोगाच आहे. खोली अंधारी आहे, उघड्या खिडकीचा पडदा हलतो आहे, उशाशी टेलिफोन वाजतो. एक हात येऊन तो दृश्याच्या चौकटीबाहेर ओढून नेतो, आणि कॅमेरा मात्र त्या खिडकीवरच थांबतो. जोडीदार गेल्याचे ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्याला दिसत नाही, फक्त आवाज ऐकू येतो. या माणसाला दुःख झाले की नाही, हे आपण त्या पडद्याकडे पाहत स्वतःशी ठरवत राहतो.

शेवटही पाहा. १९३१ च्या चित्रपटात जोडीदाराचा खून करणाऱ्या बाईला स्पेड तुरुंगात भेटायला जातो. ह्यूस्टन यांनी तुरुंग दाखवलाच नाही. पोलीस तिला लिफ्टमध्ये नेतात, जाळीचा दरवाजा सरकतो, गजांची छाया तिच्या चेहऱ्यावर येते आणि लिफ्ट खाली जाते. तुरुंगाच्या दृश्याचे काम एका लोखंडी जाळीने केले आहे.

याच्या अगदी उलट टोकाला गस व्हॅन सँट यांनी १९९८ साली केलेला ‘सायको’ आहे, ज्यात हिचकॉक यांच्या १९६० च्या चित्रपटातील जवळजवळ प्रत्येक शॉट रंगीत करून पुन्हा घेतला आहे. अभ्यास म्हणून तो मोलाचा आहे. भीती मात्र त्यात उतरली नाही.

आणि आता आपल्या पुण्याकडे येऊ. ऑलिव्हिए त्रेनेर यांचा ‘लाकोर्दर’ हा जेमतेम पाव तासाचा फ्रेंच लघुपट २०१० सालचा. आंधळेपणाचे सोंग घेतलेला पियानो जुळवणारा एका घरात शिरतो आणि तिथे त्याला प्रेत दिसते. पण दिसले असे त्याला दाखवता येत नाही. श्रीराम राघवन यांनी २०१८ च्या ‘अंधाधुन’मध्ये हे मूळ मोकळेपणाने मान्य करून एवढे एकच बीज घेतले आणि पॅरिसच्या सदनिकेतला तो प्रसंग पुण्यात आणला. पियानो वाजतो आहे आणि त्याच्या सुरांआड, वाजवणाऱ्याच्या डोळ्यांदेखत, प्रेताची विल्हेवाट लावली जाते आहे, आणि हे सगळे दिवसाच्या लख्ख उजेडात. न्वार म्हटले की अंधार हवाच, ही माझी समजूत त्या प्रसंगाने पुसली. काळोख लागतो तो कुणाला काय माहीत आहे, यात. पुढे याच चित्रपटावरून तेलुगू, मल्याळम आणि तमिळ चित्रपट निघाले.

आमच्या लघुपटाच्या शेवटी पोलीस चौकीतला दीड मिनिटाचा प्रसंग होता, ज्यात फौजदार सगळा उलगडा सांगतो. तो आम्ही चित्रित केला होता, दोन दिवस खर्चून. संकलनाच्या वेळी तो काढला. आता बाई खिडकीत उभी राहते, गजांची सावली तिच्या अंगावर आहे, आणि चोपडी घेऊन कारकून जिना उतरतो. ती सावली हे त्या लिफ्टचे ऋण आहे, ते मी उघडपणे मान्य करतो. गज तेवढे वाड्याचे आहेत. कारकून जिन्यात आपल्याला दिसत नाही. पाऊस थांबून रस्ता निजल्यावर, पहाटे तीन वाजता, आम्ही त्या जिन्याचा आवाज वेगळा मुद्रित केला. वरून पाचवी पायरी करकरते. त्या पायरीवर तो थांबतो, आणि पुढची पावले ऐकू येत नाहीत.